पेटीची किल्ली

दिवाळीची पोस्त आपण ज्याच्या हातावर ठेवतो, ती त्याचीच. मध्येच मालकाने ती उचलली, तर आपण त्याला चोरीच म्हणू. विलायतेतल्या उपाहारगृहांत मात्र हा साधा न्याय कायद्यात उतरायला २०२४ साल उजाडावे लागले.

तिथे पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाइकांची बक्षिसी एकत्र करून वाढपी, आचारी, भांडी घासणारे यांच्यात वाटतात. या सामाईक पेटीला ‘ट्राँक’ म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ चर्चमधली दानपेटी. वाटणीची रीत मला वावगी वाटत नाही. चव भटारखान्यात जन्मते आणि भांडी घासणाऱ्याला तर गिऱ्हाइकाचे तोंडही दिसत नाही. प्रश्न आहे तो पेटीची किल्ली कोणाच्या कमरेला, हा!

रोख नाणे थेट हातात पडे. चेक आणि कार्डे आली, तसा पैसा आधी मालकाच्या खात्यात जाऊ लागला. लंडनचे काही वाढपी भांडत थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि २००२ साली हरले. असा पैसा आधी मालकाचा होतो, तो त्याने किमान वेतनात धरला तरी चालेल, असे ठरले. ही वाट ऑक्टोबर २००९ मध्ये कायद्याने बुजवली. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर कराखेरीज बक्षिसीतला छदामही मालकाला कापता येत नाही. वाटणी न्याय्य हवी आणि तिच्या नोंदी तीन वर्षे जपायला हव्यात.

औदार्य गिऱ्हाइकाचे खरे. पण ते पोचले की नाही, हे ती वहीच सांगते. म्हणून कामगाराला ती पाहण्याचा हक्क मिळाला, हे मला मोठे वाटते.