वार्धक्यातील दुर्बलता

वार्धक्यातील दुर्बलता म्हणजे वाढत्या वयात शरीराच्या अनेक संस्थांची राखीव क्षमता एकाच काळात घटल्यामुळे निर्माण होणारी अवस्था होय. अशा व्यक्तीला साधा ताप, औषधातील बदल किंवा घरातल्या घरात पडणे यांसारखा लहान आघातही पेलत नाही आणि तो ओसरल्यावर ती सहसा पूर्वपदावर येत नाही. दुर्बलतेचे प्रमाण वयानुसार वाढते. तथापि ती म्हातारपणाचा अटळ भाग नाही. ऐंशी वर्षांची एखादी व्यक्ती धडधाकट असते, तर साठीतील दुसरी दुर्बल असू शकते.

निदान

अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये, ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ५,३१७ व्यक्तींच्या पाहणीवरून पाच निकष मांडले :

१. प्रयत्न न करता वर्षभरात सुमारे ४.५ किलोग्रॅम वजन घटणे
२. सततचा थकवा
३. हाताची पकड क्षीण होणे
४. चालण्याचा वेग मंदावणे
५. शारीरिक हालचाल कमी होणे

यांपैकी तीन किंवा अधिक निकष लागू पडल्यास व्यक्ती दुर्बल, तर एक किंवा दोन लागू पडल्यास पूर्वदुर्बल मानली जाते. उपरोक्त पाहणीत सुमारे ७ टक्के व्यक्ती दुर्बल आढळल्या. त्यांपैकी सुमारे २७ टक्के व्यक्तींना दैनंदिन कामांत परावलंबित्व नव्हते आणि एकाहून अधिक दीर्घकालीन आजारही नव्हते. त्यामुळे दुर्बलता ही आजार व अपंगत्व यांहून वेगळी अवस्था असल्याचे स्पष्ट झाले.

कॅनडातील केनेथ रॉकवुड व अर्नोल्ड मिटनित्स्की यांनी दुर्बलता निर्देशांक विकसित केला. यात आजार, लक्षणे व असमर्थता अशा अनेक न्यूनतांची नोंद घेतात. तपासलेल्या ४० बाबींपैकी १० न्यूनता आढळल्यास निर्देशांक ०.२५ येतो.

कारणे

शारीरिक घटकांत स्नायूंचा ऱ्हास हा प्रमुख होय. अपुरी प्रथिने, दात नसल्याने चावता न येणे, रक्तक्षय, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे, दृष्टी व श्रवणशक्ती मंदावणे आणि एकाच वेळी अनेक औषधे घेणे यांमुळे दुर्बलता वाढते. भूक मंदावली की आहार घटतो, स्नायू क्षीण होतात, हालचाल कमी होते आणि त्यामुळे भूक आणखी मंदावते, असे हे दुष्टचक्र असते.

सामाजिक परिस्थितीमुळे या चक्राला गती मिळते. अल्प शिक्षण व अल्प उत्पन्न असलेल्यांत, तसेच स्त्रियांत दुर्बलता अधिक आढळते. जोडीदाराच्या निधनानंतर एकट्यासाठी स्वयंपाक करण्याचा उत्साह उरत नाही. चहा-बिस्किटांवर वेळ निभावली जाते. ऐकू येईनासे झाले की बोलणे थांबते आणि पडण्याच्या भीतीने घराबाहेर जाणेही बंद होते.

भारतातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील लोकसंख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वार्धक्यविषयक दीर्घकालीन राष्ट्रीय पाहणी हाती घेतली असून तिच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. तीत पकडीची ताकद व चालण्याचा वेगही मोजण्यात आला. असंघटित क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या बहुसंख्य वृद्धांना निवृत्तिवेतन नसते. त्यामुळे आहार व उपचार यांसाठी त्यांना कुटुंबावर अवलंबून राहावे लागते. अपत्यांवर निर्वाहाची जबाबदारी टाकणारा कायदा २००७ मध्ये संमत झाला.

प्रतिबंध व उपचार

दुर्बलतेवर एकच असे औषध नाही. स्नायूंना बळ देणारा व तोल सुधारणारा व्यायाम, पुरेशी प्रथिने व उष्मांक, अनावश्यक औषधे वैद्यकीय सल्ल्याने कमी करणे, चष्मा, कवळी व श्रवणयंत्र यांची सोय, न्हाणीघरात आधाराचे कठडे आणि नियमित सहवास हे उपाय एकत्रितपणे योजावे लागतात. पूर्वदुर्बल अवस्थेतून पुन्हा सुदृढ होणे शक्य असते. प्रगत अवस्थेत ते कठीण होते. म्हणूनच वजन घटणे किंवा चाल मंदावणे ही लक्षणे 'आता वयच झाले' असे म्हणून सोडून न देता त्यांची वेळीच तपासणी करणे महत्त्वाचे ठरते.