बिनतारी व्हिडिओ संचांचे संगणकावरून नियंत्रण

कॅमेऱ्यावर बसवलेला व्हिडिओ ट्रान्समीटर आणि मॉनिटर, रेकॉर्डर किंवा मिक्सरला जोडलेला रिसीव्हर यांचा चॅनल, प्रक्षेपणशक्ती, आपसातली जोडी, सांकेतिक कुलूप, मॉनिटरवरचे रंग आणि आतले फर्मवेअर या गोष्टी संगणकावरील सॉफ्टवेअरमधून तपासण्याची व बदलण्याची पद्धत. आज्ञा यूएसबी केबल, इथरनेट, वाय-फाय, ब्लूटूथ किंवा इंटरनेट यांपैकी कोणत्याही वाटेने जाते. चित्रपट, मालिका, जाहिराती, वृत्तवाहिन्या, मोठे समारंभ आणि ड्रोन या सगळ्यांत तिचा वापर होतो. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत तिचे महत्त्व अंतरामुळे फारसे नाही. तिथे कॅमेरा आणि मॉनिटर यांच्यात बहुधा एक भिंत किंवा शंभरेक माणसे असतात. खरी अडचण मोकळा चॅनल मिळण्याची असते.

मालाड ते अंधेरी हा पट्टा जुना चित्रपटवस्तीचा. बॉम्बे टॉकीज मालाडला १९३४ मध्ये उभी राहिली, फिल्मिस्तान गोरेगावात १९४३ मध्ये. राज्य शासनाची चित्रनगरी १९७७ मध्ये आरेच्या जंगलालगत सुरू झाली आणि पुढे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. चित्रनगरीत एकाच संध्याकाळी एका फ्लोअरवर मालिका, शेजारी रिअ‍ॅलिटी शो आणि टेकडीवर जाहिरात असे चित्र नवे नाही. प्रत्येक युनिटचे आपले दोन-चार ट्रान्समीटर असतात. शिवाय व्हॅनिटी व्हॅनमधली वाय-फाय, युनिटच्या माणसांचे हॉटस्पॉट आणि कुंपणापलीकडच्या टॉवरांतले घरोघरचे राउटर. हे सगळे ५ गिगाहर्ट्‌झच्या त्याच थोड्या जागेत.

इतिहास : चित्रीकरण चालू असतानाच दिग्दर्शकाने चित्र पाहावे ही कल्पना बिनतारी संचांपेक्षा जुनी आहे. जेरी लुईस या अमेरिकी विनोदी नटाने ‘द बेलबॉय’ (१९६०) करताना फिल्म कॅमेऱ्यालगत व्हिडिओ कॅमेरा लावून घेतला, कारण तो स्वतःच नट होता आणि स्वतःच दिग्दर्शक. फिल्म कॅमेऱ्याच्या भिंगातूनच प्रकाशाचा थोडा भाग वळवून व्हिडिओ चित्र घेण्याची सोय ‘द पार्टी’साठी जिम साँगर यांनी केली. तो चित्रपट १९६८ चा, आणि त्यात पीटर सेलर्सने रंगवलेला गोंधळ्या नायक भारतीय नट आहे, हा एक गमतीचा योग. १९७६ च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’साठी स्टेडीकॅम, म्हणजे ऑपरेटरच्या अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवणारे साधन, पहिल्यांदा वापरले गेले. चालत्या-धावत्या ऑपरेटरच्या मागे केबल ओढत न्यायची नसेल, तर चित्र हवेतून पाठवणे भाग होते. त्या काळचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर दाणेदार, पट्टे मारणारे चित्र देत. चौकट कळण्यापुरते ते पुरे, फोकस ओळखण्यासाठी मात्र निरुपयोगी.

बदल घडला तो अ‍ॅमिमॉन या २००४ मध्ये स्थापन झालेल्या इस्रायली कंपनीच्या चिपमुळे. एचडी-एसडीआय केबलमधून सेकंदाला १.४८५ गिगाबिट माहिती वाहते. हवेत ४० मेगाहर्ट्‌झच्या चॅनलमध्ये ती जशीच्या तशी मावत नाही. नेहमीचा उपाय म्हणजे चित्र दाबून लहान करणे, पण त्यात वेळ जातो. अ‍ॅमिमॉनने चित्रातला ठळक भाग मजबूत संरक्षणात आणि बारीक तपशील सैल संरक्षणात पाठवण्याची रीत वापरली. सिग्नल कमजोर झाला की चित्र थिजत नाही, आधी तपशील भुरकट होतो. विलंब एक मिलिसेकंदाच्याही आत राहतो. हीच चिप वापरून कॅलिफोर्नियातील टेराडेकने २०१२ च्या सुमारास ‘बोल्ट’ मालिका आणली. ब्रिटनच्या व्हायटेक गटाने टेराडेक २०१३ मध्ये आणि अ‍ॅमिमॉन २०१८ मध्ये विकत घेतली. शेन्झेनच्या हॉलीलँडसारख्या कंपन्यांनी पुढे किंमत इतकी उतरवली, की लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यालाही असा संच परवडू लागला.

विलंबाचा मुद्दा फोकस पुलरला, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या सहायकाला, विचारावा. सेकंदाला २५ चौकटींच्या हिशेबाने एक चौकट ४० मिलिसेकंदांची. दोन चौकटी उशिरा येणारे चित्र पाहून तो फोकस धरू लागला, तर तेवढ्यात साध्या चालीने चालणारा नट अकरा-बारा सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. भिंग पूर्ण उघडे असताना एवढ्या फरकात डोळे सुटून कान फोकसमध्ये येतात. दिग्दर्शकाला चालणारा संच फोकस पुलरला चालतोच असे नाही, आणि भाड्याच्या यादीत दोघांसाठी वेगळे संच असतात ते याच कारणाने.

सॉफ्टवेअरचे काम : टेराडेकचे ‘बोल्ट मॅनेजर’ विंडोज व मॅक संगणकावर चालते. संच यूएसबीने लॅपटॉपला जोडला की फर्मवेअर, जोडी, चॅनल आणि रंगसारणी म्हणजे लट हाताळता येतात. लटचे प्रयोजन असे, की आजचे कॅमेरे नंतरच्या रंगकामासाठी मुद्दाम फिके, राखट चित्र टिपतात. तेच मॉनिटरवर गेले तर निर्मात्याला धडकी भरते. सॉफ्टवेअरमधून लट आधीच भरून ठेवली की मूळ चित्रण तसेच राहते आणि पाहणाऱ्याला ओळखीचे रंग दिसतात. बोल्टच्या ४के मालिकेत हीच कामे ब्लूटूथवरून फोनच्या अ‍ॅपनेही होतात. हॉलीलँडचे ‘हॉलीव्ह्यू’ अ‍ॅप तर फोनलाच मॉनिटर बनवते. स्ट्रीमिंग एन्कोडरांना वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही; त्यांचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंगचे पान उघडते. वृत्तवाहिन्या वापरतात ते मायक्रोवेव्ह रिसीव्हर आयपी नेटवर्कवर असतात आणि नियंत्रणकक्षातून सांभाळले जातात.

यातले सर्वांत उपयोगी पान म्हणजे स्पेक्ट्रमचा आलेख. कोणत्या चॅनलवर किती गजबज आहे हे उभ्या रेघांत दिसते. पण तो आलेख ज्या अँटेनाजवळ काढला तिथलाच असतो. रिसीव्हर व्हिडिओ व्हिलेजमध्ये, म्हणजे दिग्दर्शकाचे मॉनिटर मांडलेल्या जागी, ठेवून पाहिलेली शांतता पंचवीस मीटरवरच्या जिबखाली (कॅमेऱ्याच्या छोट्या क्रेनखाली) असेलच असे नाही. रिकाम्या सेटवर सकाळी सातला मोकळा दिसलेला चॅनल अकराला युनिटची माणसे आणि त्यांचे फोन आले की भरतो. आलेखाला नवखे फार मान देतात. मुरलेले व्हिडिओ असिस्टवाले, म्हणजे सेटवरचे मॉनिटर सांभाळणारे, तो पाहतात आणि मग अँटेना सी-स्टँडवर डोक्यांच्या वर चढवतात. ५.८ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी जेमतेम पाच सेंटीमीटर आहे. माणसाचे शरीर, पत्रा, ओली झाडी तिला अडवतात. मोकळ्या हवेतही तिचा ऱ्हास २.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा सुमारे पावणेआठ डेसिबल जास्त. पावसाचे थेंब या फ्रिक्वेन्सीला फारसे त्रास देत नाहीत, पण जुलैत चित्रनगरीतल्या भिजलेल्या पानांमागे रिसीव्हर ठेवला तर पिक्चर जाते, आणि त्यावर सॉफ्टवेअरमध्ये कोणतेही बटण नाही.

आज्ञा ट्रान्समीटरपर्यंत पोहोचते कशी, यावर बरेच ठरते. ज्या संचात रिसीव्हरकडून ट्रान्समीटरकडे उलटी वाट असते, तिथे एका टोकाला चॅनल बदलला की दुसरे टोक मागोमाग जाते. एका ट्रान्समीटरवरून हव्या तितक्या रिसीव्हरना चित्र देणाऱ्या प्रक्षेपण पद्धतीत उलटी वाट नसते, त्यामुळे प्रत्येक रिसीव्हर वेगळा लावावा लागतो. काही संच आपणहून मोकळा चॅनल शोधतात. दोन शेजारी युनिटांनी ही सोय चालू ठेवली, तर दोन्ही संच एकमेकांना चुकवत फिरतात आणि नेमके टेकच्या मध्ये चित्र उडू शकते. म्हणून चॅनल हाताने ठरवून कुलूपबंद करणे बरे. फर्मवेअरचेही तसेच. ट्रान्समीटर व रिसीव्हरची आवृत्ती जुळत नसेल तर अनेक संच जोडीच करत नाहीत. लॅपटॉपवरचे हे काम भाड्याच्या गोदामात, संच पेटीत भरण्यापूर्वी उरकायचे असते. शूटच्या सकाळी फर्मवेअर बदलणाऱ्याला अनुभवी लोक दुरूनच नमस्कार करतात.

कायदा व रडार : भारतात फ्रिक्वेन्सीचा कारभार दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे, म्हणजे डब्ल्यूपीसीकडे आहे. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ असे एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ, शक्तीच्या मर्यादेत, परवानामुक्त झाले. परवानामुक्त म्हणजे हक्क नव्हे. शेजाऱ्याच्या संचाने व्यत्यय आणला तर कोणाकडे दाद मागता येत नाही, आणि आपण इतरांना व्यत्यय आणायचा नाही ही अट मात्र राहते. मधला ५३५० ते ५४७० हा तुकडा यात नाही. परदेशातून सामानात आणलेल्या संचाच्या सॉफ्टवेअरमध्ये देश चुकीचा निवडलेला असेल, तर इथे निषिद्ध असलेले चॅनलही यादीत दिमाखात दिसतात. यंत्राला टाइप अप्रूव्हल लागते ते वेगळेच.

अंधेरीच्या बाबतीत आणखी एक शेजारी आहे. भारतीय हवामान विभागाचे मुंबईतले दुसरे डॉप्लर रडार वेरावलीच्या टेकडीवर आहे; ते जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. ते सी-बँडचे आहे, आणि या जातीची हवामान रडारे बहुधा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात. रडारांना वाचवण्यासाठी अनेक देशांनी ५ गिगाहर्ट्‌झच्या यंत्रांवर डीएफएस या नावाची शिस्त घातली आहे: चॅनल वापरण्यापूर्वी यंत्राने निदान ६० सेकंद ऐकायचे, आणि रडार सापडले तर तो चॅनल अर्धा तास सोडायचा. संच चालू केल्यावर चित्र यायला मिनिटभर लागले की ‘डब्बा हँग झाला’ म्हणून बॅटरी काढली जाते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चॅनल निवडताना रडारचा हा भाग टाळणे सर्वांत सोपे.

इतर उपयोग : वृत्तवाहिन्यांच्या बॅकपॅकमध्ये तत्त्व वेगळे असते. अनेक सिमकार्डांवरून चित्राचे तुकडे पाठवून ते स्टुडिओत जोडले जातात. लाइव्ह-यू कंपनीचे ‘सेंट्रल’ हे पान उघडून डेस्कवरचा माणूस रस्त्यावरच्या संचाचा बिटरेट, विलंब आणि प्रत्येक सिमची अवस्था पाहतो व बदलतो. बातमीदाराच्या हाती माइक, संचाचा ताबा दुसरीकडे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात होर्डिंग कोसळल्यावर जशी गर्दी उसळली, तशा ठिकाणी सगळ्या वाहिन्यांचे आणि बघ्यांचे फोन त्याच टॉवरांवर येतात. अशा वेळी दूरच्या डेस्कने विलंब दोन-चार सेकंदांनी वाढवणे हा चित्र टिकवण्याचा खात्रीचा मार्ग, मग अँकरच्या प्रश्नानंतरची ती अवघडलेली शांतता प्रेक्षकाने सोसायची.

बोरिवली-कांदिवलीच्या नवरात्रात किंवा मुलुंडच्या मोठ्या लग्नात क्रेनवरच्या कॅमेऱ्याचे चित्र मिक्सरमधून एलईडी भिंतीवर जाते. तिथे विलंब लगेच उघडा पडतो, कारण गाणारा माणूस आणि त्याचे वीस फुटी चित्र शेजारी-शेजारी असतात. हजारो फोन असलेल्या मैदानात अनुभवी मंडळी स्थिर कॅमेऱ्यांना सरळ एसडीआय केबल ओढतात आणि बिनतारी संच फक्त फिरत्या कॅमेऱ्याला ठेवतात. हा शहाणपणा चित्रपटवाल्यांनीही घेण्यासारखा आहे.

चित्रणाच्या गळतीचा धोका खरा आहे, पण तो हवेतून कमी येतो. चांगल्या संचात एईएस सांकेतिकीकरण असते आणि जोडी न केलेल्या रिसीव्हरला काही दिसत नाही. ज्या संचांचे चित्र फोनवर पाहता येते, तिथे कारखान्याचा पासवर्ड न बदलणे ही नेहमीची फट. मालिकेतला महत्त्वाचा वळणप्रसंग एखाद्या अनोळखी फोनवर कोणी रेकॉर्ड करत असेल, तर सॉफ्टवेअरच्या यादीत जोडलेली उपकरणे मोजून ते कळू शकते, मोजली तर.

छंदी व रेसिंग ड्रोनमध्ये संगणकाचा वाटा आणखी थेट आहे. बीटाफ्लाइट कॉन्फिगरेटरमध्ये व्हिडिओ ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी व शक्तीची कोष्टके भरतात. मग उड्डाणनियंत्रक स्मार्टऑडिओ किंवा ट्रॅम्प या तारेवरच्या बोलीत ट्रान्समीटरला आज्ञा देतो. शर्यतींत रूढ असलेल्या रेसबँडचे आठ चॅनल ५६५८ ते ५९१७ मेगाहर्ट्‌झ असे पसरले आहेत. त्यांतला सातवा ५८८० वर आणि आठवा ५९१७ वर, म्हणजे दोन्ही भारताच्या परवानामुक्त मर्यादेबाहेर. सॉफ्टवेअर ते निमूट स्वीकारते. उपनगरांत उडवणेही सोपे नाही: ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याहून आत परवानगी लागते, आणि अंधेरी व घाटकोपर तर सांताक्रूझच्या धावपट्ट्यांच्या शेजारचे. पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात ते निराळे. त्यामुळे इथल्या ड्रोनवाल्यांचा बराच वेळ टेबलावर, यूएसबी केबल लावून कोष्टके सुधारण्यात जातो आणि उडवायला ते शहराबाहेर पडतात.