दोन तळांची बोट आणि खवळलेला समुद्र

कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ. कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी त्यावर बसून लाटांमधून बाहेर पडत. आज आपण हा शब्द दोन अरुंद होड्या शेजारी ठेवून वर एकच डेक टाकलेल्या बोटीला वापरतो. अशी बोट स्थिर असते हे कुणालाही पटतं. पाय फाकवून उभा राहिलेला माणूस धक्क्याने सहज पडत नाही, तसंच. पण स्थिर बोट म्हणजे वादळात टिकणारी बोट का? प्रश्न साडेतीनशे वर्षं जुना आहे.

1662 साली डब्लिनमध्ये विल्यम पेटी यांनी दोन तळांचं शिडाचं जहाज बांधलं. हे तेच पेटी, अर्थशास्त्राच्या इतिहासात ज्यांचं नाव येतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या जहाजाने होलीहेड ते डब्लिन शर्यतीत टपालाच्या जहाजाला मागे टाकलं. पेटींचं जहाज संध्याकाळी पाचला पोहोचलं, दुसरं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला! सॅम्युएल पेपीस यांच्या रोजनिशीत ही हकिकत आहे. मग 'एक्स्परिमेंट' नावाचं मोठं जहाज झालं. 1665 मध्ये पोर्तुगालहून परतताना ते वादळात माणसांसह बुडालं. पेटींचं म्हणणं, त्या वादळात इतरही जहाजं बुडाली. ते खरंच होतं, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच.

आता यातलं शास्त्र पाहू. रुंद बोट थोडी कलली, की दाबल्या गेलेल्या बाजूला पाणी मध्यापासून लांबवर जोर लावतं आणि बोट लगेच सरळ होते. मात्र एक होडी पाण्याबाहेर उचलली गेली, की हा जोर कमी होत जातो. आणि कॅटामरान उलटलीच, तर उलटीही तितकीच स्थिर राहते. तळाशी वजन असलेली एकतळी बोट पुष्कळ कलते, पण परत येते. इंजिनवर चालणाऱ्या मोठ्या कॅटामरान सहसा उलटत नाहीत. त्यांचा त्रास वेगळा. हेलकावा आखूड आणि झटक्याचा, त्यामुळे प्रवाशांना मळमळतं. लाट दोन होड्यांच्या मधे शिरून डेकच्या पोटावर हातोड्यासारखी आपटते. मागून लाटा आल्या, तर पुढचं टोक, म्हणजे नाळ, पाण्यात घुसते.

याच्यावर उपाय शोधला टास्मानियातल्या इनकॅटने. 1975 मध्ये होबार्टचा टास्मान पूल जहाजाच्या धडकेने कोसळला, बारा माणसं गेली, आणि शहराचे दोन भाग तुटले. त्या काळात रॉबर्ट क्लिफर्ड यांच्या फेरीबोटींनी लोकांची ने-आण केली. पुढे त्यांच्याच कंपनीने लाट भेदणारी रचना केली: दोन्ही नाळा सुईसारख्या अरुंद, आणि मधे पाण्याच्या वर तिसरी नाळ, जी मोठ्या लाटेतच पाण्याला टेकते आणि बोट सावरते. 1990 मध्ये अशाच 74 मीटरच्या बोटीने अटलांटिक 3 दिवस 7 तास 54 मिनिटांत ओलांडला.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. 26 नोव्हेंबर 1999 च्या संध्याकाळी नॉर्वेची 'स्लाइपनेर' ही नवीकोरी कॅटामरान खडकावर आदळून बुडाली. 85 जणांपैकी 16 गेले. लाटेने ती उलटवली नव्हती. पण तिला परवानगी एक मीटरपर्यंतच्या लाटांची होती, आणि त्या संध्याकाळी समुद्र त्याहून मोठा होता. जीवरक्षक तराफेही वेळेवर उघडले नाहीत.

स्थिरता बोटीच्या आकारात असते. सुरक्षितता मात्र आकार, तराफे, खलाशी आणि बोट न सोडण्याचा निर्णय या सगळ्यांत मिळून असते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरान पावसाळ्यात बंद असतात, म्हणून आपण कुरकुरतो. तो दिवसही त्या बोटीच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, एवढं लक्षात ठेवू या.