भाडेकरू पडताळणी : मुखेड परिसर

घर, खोली किंवा गाळा किरायाने देण्याआधी समोरच्याने सांगितलेले नाव, गाव, नोकरी आणि दाखवलेली कागदपत्रे खरी आहेत का, याची घरमालकाने करून घ्यायची खात्री. नांदेड जिल्ह्यातील मुखेड हे तालुक्याचे ठिकाण आहे. येथे किरायाने राहणाऱ्यांत बदलीवर आलेले शिक्षक, बँक व महसूल कर्मचारी, सरकारी दवाखान्यातील लोक आणि आसपासच्या खेड्यांतून शिकायला आलेली मुले यांचा भरणा मोठा. नांदेड आणि लातूरला शिकवणी वर्गांमुळे खोल्यांचा मोठा बाजार उभा राहिला, तसा मुखेडात नाही. त्यामुळे येथील फसवणुकीचे रूपही थोडे वेगळे आहे.

जुनी पद्धत तोंडी आहे. 'कोणत्या गावचे, कोणाचे पाहुणे?' एवढ्यावर खोली दिली जाते, आणि माणूस तालुक्यातला असेल तर ही चौकशी कोणत्याही कागदापेक्षा पक्की ठरते. मात्र मुखेडला एका बाजूने लातूर जिल्हा लागतो, दुसऱ्या बाजूने कर्नाटकाची हद्द जवळ आहे. तिकडून आलेल्या माणसाबद्दल गावात कोणालाच काही सांगता येत नाही. अशा वेळी मध्यस्थ 'आपलाच माणूस आहे' म्हणतो, पण त्याचीही ओळख चहाच्या टपरीवर झालेली असू शकते. मध्यस्थाला करारावर साक्षीदार म्हणून सही करायला सांगावे. खरा ओळखीचा असेल तर तो सही करतो. नसेल तर त्याला अचानक कामे आठवतात.

कागदांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे झेरॉक्सवर विश्वास. नाव, फोटो किंवा पत्ता बदलून छापलेले आधार कार्ड डोळ्यांनी ओळखू येईलच असे नाही. कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये आधार प्राधिकरणाच्या डिजिटल सहीसह नाव, पत्ता आणि फोटो असतो. तो प्राधिकरणाच्या अॅपमध्येच स्कॅन करून छापील मजकुराशी ताडून पाहावा. कोड उघडतच नसेल किंवा वेगळे नाव दाखवत असेल, तर मूळ कार्ड मागावे. आधार क्रमांक बारा अंकी असतो आणि तो 0 किंवा 1 ने सुरू होत नाही, ही साधी खूणही उपयोगी पडते. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर 'पी' असते आणि पाचवे सहसा आडनावाचे पहिले. स्वतःजवळ ठेवायला पहिले आठ अंक झाकलेली आधारची प्रत पुरते.

नोकरीचा पुरावा म्हणून पगारपत्रक किंवा नियुक्तीचा आदेश दाखवला जातो. त्यावर छापलेल्या फोन नंबरवर चौकशी करण्यात अर्थ नाही, कारण बनावट कागदावर नंबरही बनवणाऱ्याचाच असतो. तालुक्याच्या गावाची सोय अशी की पंचायत समिती, तहसील किंवा बँकेची शाखा चालत जाण्याच्या अंतरावर असते. तिथल्या बाबूला विचारले की माणूस रुजू झाला आहे की नाही हे कळते. आधीच्या घरमालकाशी बोलायचे तर तो खरोखर त्या घराचा मालक आहे का, हे आधी पाहावे. वीजबिलावरचे नाव किंवा नगरपरिषदेची घरपट्टी मागितली की मित्राला 'जुना घरमालक' म्हणून फोनवर उभे करण्याचा डाव उघडा पडतो.

एक प्रकार घर न पाहताच होतो. खोलीची जाहिरात ऑनलाइन दिली की सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगणारा फोन येतो. बदली झाली आहे, घर पाहायला वेळ नाही, अनामत लगेच पाठवतो, असे तो सांगतो आणि ओळखपत्राचा फोटोही धाडतो. मग 'पैसे जमा होण्यासाठी' क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगतो. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. असे घडले तर 1930 या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम रोखून धरण्याची शक्यता कमी.

ग्रामीण मराठवाड्यात याहून जास्त ध्यानात घेण्याजोगा प्रकार म्हणजे माणूस खरा आणि भाडेकरार खोटा. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांनी नेमणुकीच्या गावी राहावे अशी अट आहे आणि घरभाडे भत्त्याचा प्रश्न तिच्याशी बांधलेला आहे. ग्रामविकास विभागाच्या 9 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयाने मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी हा विषय विधानसभेत लावून धरला आणि शिक्षक संघटनांशी त्यांचा मोठा वाद झाला. खेड्यात राहण्यायोग्य घरेच नाहीत, हे शिक्षकांचे म्हणणे अनेक ठिकाणी खरेही आहे. तरी न राहणाऱ्याला 'राहतो' अशी पावती देणारा घरमालक त्या खोट्यात भागीदार होतो, मग ती त्याने भिडेखातर दिलेली असो. वर्षाला एक लाखाच्या वर भाडे दाखवून प्राप्तिकरात सूट मागितली, तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो आणि न मिळालेले उत्पन्न त्याच्या नावावर दिसू लागते. रिकाम्या गाळ्याचा करार, वीजबिलाची प्रत आणि संमतीपत्र मिळवून जीएसटीसाठी कागदोपत्री फर्म उभी करणे हाही त्यातलाच प्रकार. म्हणून वीजबिलाची प्रत देताना ती कोणाला, कशासाठी दिली हे तिच्यावरच आडवे लिहून सही करावी.

कायद्याच्या बाजूने पाहता मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा 1954 चा घरभाडे नियंत्रण कायदा होता. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असून कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. अकरा महिन्यांचा करार बाँडवर लिहून नोटरी केला की झाले, हा समज मुखेडातही घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. अशा लिव्ह अँड लायसन्स (वापर-परवाना) करारावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के, त्यामुळे खर्चाची सबब फारशी टिकत नाही. शिवाय नोंदणीच्या वेळी आधार आणि अंगठ्याची पडताळणी होते; खोट्या नावाने आलेला माणूस बहुधा तिथवर येतच नाही.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याची सक्ती जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या मनाई आदेशाने होते. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. आदेश नसला तरी माहिती द्यावी. मात्र पोलीस पाहतात तो गुन्ह्यांचा इतिहास. पगार, थकबाकी किंवा स्वभाव याबद्दल त्यातून काही कळत नाही.

कागद कमी असणे म्हणजे फसवणूक नव्हे. मुखेड तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला, वीटभट्टीवर आणि शहरांत बांधकामावर लोक जातात. पगारपत्रक नाही, आधारवर अजून गावचाच पत्ता आहे, म्हणून परक्या शहरात खोली नाकारली जाण्याचा अनुभव यांतल्या अनेकांना येतो. खोटेपणाची खूण कागदाच्या अभावात सापडत नाही. ती सांगण्यातल्या विसंगतीत, तपासाला दिलेल्या बगलेत आणि नको तितक्या घाईत सापडते. जात किंवा धर्म विचारून ती कळत नाही.

फसवणूक उघड झाली तर पोलिसांत तक्रार होते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318, तोतयेगिरीसाठी 319 आणि बनावट दस्तासाठी 336 व 340 ही कलमे आहेत. तरीही एकदा राहायला आलेल्याचे सामान बाहेर फेकण्याचा किंवा नळ-वीज तोडण्याचा अधिकार घरमालकाला मिळत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम 29 अत्यावश्यक सोयी बंद करण्यास मनाई करते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहायला घेतलेली जागा न सोडणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते.