डोळ्याच्या नसेची सूज: खरी आणि भासमान

डोळ्याच्या पडद्यावर ऑप्टिक नर्व्हचे टोक फिकट गुलाबी चकतीसारखे दिसते. जिवंत माणसाच्या डोळ्यातली ही चकती नीट पाहता येऊ लागली ती हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झमुळे. बाहुली कधी कधी का चमकते, हे विद्यार्थ्यांना समजावण्याच्या तयारीत असताना १८५० च्या अखेरीस कोनिग्सबर्ग येथे त्याने ऑप्थॅल्मोस्कोप बनवला. चार्ल्स बॅबेजने असे उपकरण तीनेक वर्षे आधीच बनवले होते, पण ज्या नेत्रवैद्याला दाखवले त्याला त्याचे मोल कळले नाही.

चकती दिसू लागली, तरी दिसले त्याचा अर्थ लावणे सोपे नव्हते. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे हा त्या काळातला सर्वात तयार डोळा. पण काचबिंदूत खोल गेलेली चकती त्यालाही आधी फुगीर वाटली. एका डोळ्याने पाहताना उंच-खोल हमखास फसवते. वेबर आणि म्युलर या संशोधकांच्या कामानंतर ग्रेफेने आपले मत बदलले. पुढे १८६० मध्ये त्यानेच मेंदूतल्या गाठीमुळे दोन्ही चकत्यांना येणारी सूज वर्णिली. तिचे कारण शिरांतला अडथळा असे त्याला वाटे. खरे तर मेंदूभोवतीचे पाणी नसेच्या आवरणातही असते, आणि डोक्यातला दाब त्यातूनच चकतीपर्यंत पोहोचतो.

तरुणांत मात्र फुगीर चकती म्हणजे गाठच, असे नसते. चकतीत साचणारे ड्रूझेन नावाचे कण म्युलरने १८५८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर लीब्राइखने १८६८ मध्ये रुग्णाच्या डोळ्यात. लहानपणी ते आत दडलेले असतात आणि पृष्ठभाग नुसता उंचावतो, म्हणून घोटाळा होतो. मोठा प्लस नंबर किंवा जन्मतः तिरकी चकती हेही तसेच फसवतात. उलट, गाठ नसतानाही दाब वाढू शकतो, याचे वर्णन क्विंकेने १८९० च्या दशकात केले. कमरेतून पाणी काढून दाब मोजण्याची पद्धतही त्याचीच. गाठीशिवाय दाब वाढण्याचा हा विकार बहुतेक वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांत आढळतो.

ड्रूझेनमध्ये कॅल्शियम साचले की ते सोनोग्राफीत चमकतात. १९९१ साली जाहीर झालेल्या ओसीटी तंत्राने चकतीचे थर मोजता येतात, पण केवळ जाडीवरून निकाल लागत नाही, कारण ड्रूझेन असलेल्या डोळ्यात खरी सूजही येऊ शकते. डोकेदुखी, वाकताना क्षणभर येणारी अंधारी, कानात धडधड, दृष्टिक्षेत्र आणि रक्तदाब हे सारे पाहावे लागते. खऱ्या सुजेचा संशय असेल तर आधी मेंदूचा एमआरआय करून गाठ नाही याची खात्री केली जाते, मगच कमरेतून पाणी काढले जाते.