अभावणीचा आकडा

खोती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चौसोपी वाडा आणि झोपाळ्यावर बसलेला खोत उभा राहतो. कथा-कादंबऱ्यांनी ते चित्र पक्के केले आहे. पण कोकणातील कित्येक वाड्यांना वर्षभर कुलूप असे. वाटण्या होत होत खोतीचे तक्षिमदार वाढले. कोणी मुंबईस गेला, कोणी पुण्यास, आणि गावचा कारभार पाळीपाळीने एकेकाकडे येऊ लागला. ज्याची पाळी काही वर्षांनी एकदा यावयाची, त्याला बांध राखण्याची आच कोठून असणार? त्याचे लक्ष वसुलावर.

कुळाचे शेत म्हणजे इकडेतिकडे विखुरलेले लहान तुकडे. आश्विनात हळवे भात कापणीस येई, मागाहून गरवे. त्याच सुमारास वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिके. परतीच्या पावसाची धास्ती, म्हणून घरातील सारी माणसे विळे घेऊन शेतात. कापलेले भात उन्हात वाळवावयाचे, भारे बांधून खळ्यावर न्यावयाचे, झोडावयाचे, वाऱ्यावर धरावयाचे. आणि नेमकी याच दिवसांत वेठ! खोताच्या खासगी शेताची कापणी आधी, आपली मागून.

मालक दूर असला तरी या दिवसांत त्याचा माणूस गावात हजर होई. उभ्या पिकाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीला ‘अभावणी’ म्हणत. बांधावरून चालत जाऊन कारकुनाने अमुक मण म्हटले की तो आकडा कागदावर चढे. भातजमिनीचा निम्मा हिस्सा देई तो अर्धेली, वरकसाचा तिसरा देई तो तिर्धेली. ऐकावयास हिशेब सरळ वाटतो. पण निम्मा कशाचा? खळ्यावरच्या राशीचा नव्हे; रास होण्यापूर्वी दुसऱ्या कोणी मनात मोजलेल्या भाताचा. मागाहून पाऊस आला, लोंब्या झडल्या, पेंढ्यांना मोड फुटले, तर ती तूट कुळाची. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवहाराला चौकट घातली. आकडा मात्र बांधावरच ठरत राहिला. या पद्धतीचा सारा अन्याय मला त्या दहा-पंधरा दिवसांच्या अंतरात साठलेला दिसतो.

ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप पुकारला. जमीनदारांची शेते कसावयाची नाहीत, असे ठरले. ऐन सुगीचा महिना होता, हे ध्यानात घ्यावे. मोलमजुरी करून, रानातली लाकडे विकून त्या लोकांनी सुमारे सहा वर्षे काढली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस येऊन गेले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे १९३९ चा आणि १९४८ चा कुळकायदा झाला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाऱ्या कुळाला मालकीचा हक्क मिळाला.

हक्क मिळाला, पण कूळ असल्याचे सिद्ध करावे लागे. पिढ्यान्‌पिढ्या भात घातले, पावती कधी हाती पडली नाही, अशांना ते फार जड गेले. अभावणीचे कागद खोताकडे. आणि खोत तर केव्हाच शहरात आलेला. आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावरच्या पेटीत ते अजूनही सापडतील.