वडाळ्याचं मीठ आणि शिपायाचा श्वास

वडाळा स्टेशनवर आपलं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं: येणारी गाडी पनवेलची की गोरेगावची? आज गाडी सोडून देऊ आणि थेट १९३० मध्ये जाऊ.

तेव्हा इथे मिठागरं होती आणि सरकारी मिठाचा डेपो होता. २१ मे रोजी गुजरातेत धारासण्याला सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या, ते जगभर छापून आलं. आपलं वडाळं त्या मानाने मागेच राहिलं. खरं तर त्याच महिन्यात इथेही तुकड्यांमागून तुकड्या येत होत्या, आणि १ जूनला सुमारे १५ हजार माणसं डेपोवर चालून गेली. चिखल तुडवत, पोलिसांचं कडं तोडत. समोर लाठ्या आणि घोडेस्वार पोलीस.

आता जरा लाठीच्या दुसऱ्या टोकाकडे बघू. तिथे शिपाई उभा आहे. मुंबईच्या शिपायांत कोकणातले कितीतरी, म्हणजे समोरच्या गर्दीतल्या अनेकांचे गाववालेच. मी त्याची बाजू घेत नाहीये हं, डोकी फुटली ती सत्याग्रहींची. पण अशा वेळी माणसाच्या शरीरात काय होतं? छाती धडधडते, श्वास वरच्या वर राहतो, नजर आकसते, बाजूचं दिसेनासं होतं. आणि नेमका तेव्हाच हात आवरणं सगळ्यात अवघड जातं. म्हणजे शिपायाचा ताण त्याच्यापुरता राहत नाही, तो समोरच्याच्या डोक्यावर उतरतो.

या शरीराचा विचार खात्याने कधी केला? स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. त्याचं कलम २८ म्हणतं, पोलीस सदैव कामावरच आहे असं मानावं. सदैव! सुट्टीत, झोपेत, पोराच्या बारशातसुद्धा.

मग १९८२. गिरणी संप जानेवारीपासून सुरू होता, बंदोबस्तावर बंदोबस्त. पोलिसांची संघटना कामाचे तास, घरं, साहेबांच्या घरची कामं यावर बोलत होती. १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे संघटनेच्या नेत्यांना अटक झाली आणि वडाळ्याला लागून असलेल्या नायगावच्या, तसंच वरळीच्या पोलीस लाइनी पेटून उठल्या. गिरणी कामगारही रस्त्यावर आले. ज्यांनी दंगल आवरायची तेच दंगलीत, म्हणून लष्कर बोलवावं लागलं. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले, आयुक्त ज्युलिओ रिबेरो. सरकारने संघटना मोडून काढली. तासांचा प्रश्न होता तिथेच राहिला. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. तोही एका शिपायाने मांडलेल्या कल्पनेवरून, बरं का! आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी ती उचलून धरली.

आता उडी मारू नेदरलँड्समध्ये. तिथल्या संशोधकांनी पोलिसांसाठी व्हर्च्युअल रिॲलिटीचा गेम बनवला. डोळ्यांवर हेडसेट, अंगावर श्वास टिपणारा सेन्सर. अंगावर धावून येणाऱ्यांतला कोण शत्रू, कोण नाही, हे ओळखून गोळी झाडायची किंवा हात रोखायचा. गंमत पुढे आहे. श्वास खोल आणि संथ राहिला तर आजूबाजूचं नीट दिसतं. श्वास बिघडला की नजरेचा घेर आकसत जातो. आपलं शरीर काय करतंय ते आपल्यालाच तिथल्या तिथे दाखवायचं, यालाच बायोफीडबॅक म्हणतात. २०२२ मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. त्यात नऊ पोलीस प्रशिक्षक होते, प्रत्येकाची दहा सत्रं, आणि भर गेममध्येही श्वासावरचा ताबा सुधारत गेला. नऊ म्हणजे फारच थोडी माणसं, त्यामुळे लगेच टाळ्या नकोत. पण वर्गात बसून शांत श्वास घेणं आणि कुणी अंगावर येत असताना घेणं यातला फरक त्यांनी नेमका पकडलाय.

अर्थात बारा तास उन्हात उभं राहिलेल्या माणसाला हेडसेट घालून 'श्वास सोड' म्हणणं ही थट्टाच होईल. मला विचाराल तर आधी तास, मग हेडसेट.

आजही नायगावच्या मैदानावर भरतीला आलेली पोरं १६०० मीटर धावतात, गोळा फेकतात. दम किती आहे ते सेकंदांत मोजलं जातं. गर्दीसमोर उभं राहिल्यावर तोच दम कसा टिकवायचा, याला त्या चाचणीत एकही मार्क नाही.

तुमच्या घरात कुणी खाकीत असेल, तर आज ड्युटी किती तासांची झाली ते विचारा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.